कोकिळाच्या चाळीस युक्त्या

रविवार, २२ सप्टेंबर १९९६, अमळनेर

मी सांगते आणि कोकिळा लिहिते. मला अक्षर येत नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे चुका निघाल्या तर त्या कोणाच्या ते कळेल. मी ‘शे’ म्हणते तिथे ही ‘आहे’ लिहिते. म्हटलं, लिही बाई, तुझं शिक्षण वाया नको जायला.

कोकिळा माझी नात, अभिमनची मोठी. कॉलेज झालं, मग कॉम्प्युटरचा सहा महिन्यांचा कोर्स झाला, मग काहीच झालं नाही. आता धुळ्याचे ज्ञानचंद शेठ भेटलेत. त्यांचं कापडाचं दुकान. त्याच दुकानाच्या अर्ध्या भागात त्यांनी कॉम्प्युटर विकायला मांडलेत. लोक घेऊन जातात आणि चौथ्या दिवशी येऊन सांगतात, चालत नाही. तो चालत असतो, त्यांना चालवता येत नाही. म्हणून शेठना एक छोटं पुस्तक हवं आहे. मराठीत, घरच्या माणसाला उमजेल असं, चाळीस युक्त्यांचं. ते प्रत्येक कॉम्प्युटरसोबत फुकट द्यायचं. पुस्तक जमलं तर कोकिळाला दुकानात नोकरी, गिऱ्हाइकांना शिकवायची. नाही जमलं तर नाशिकचा एक मुलगा इंग्रजी पुस्तकासकट यायला तयार बसला आहे. आता पितर येतील, त्या पंधरवड्यात शेठ नवीन काम धरत नाहीत. दसऱ्याला छपाईचा मुहूर्त.

लिहिण्यासाठी शेठनी एक मशीन आमच्याकडे पाठवलं आहे. जिथे माझी खाट होती तिथे ते बसलं आहे, आणि मी दारापाशी आले आहे.

कोकिळाने असं ठरवलंय, की रोज लिहिलेली युक्ती मला वाचून दाखवायची, आणि मला काय समजलं ते या वहीत उतरवायचं. म्हणाली, “तुला समजलं तर धुळ्याला समजेल.”

“म्हणजे सगळ्या धुळ्यात माझ्याइतकं अडाणी कोणी नाही.”

“तसं नाही आजी. तुझ्याइतकं खवचट कोणी नाही. समजलं नाही तर तू गप्प बसणार नाहीस.”

मग मी माझी अट घातली. मी जे म्हणेन ते सगळं लिहायचं, टोमण्यासकट.

मंगळवार, २४ सप्टेंबर

पहिली युक्ती झाली. कोकिळाने वाचलं: “संगणकावर टंकलिखित केलेला मजकूर वेळोवेळी जतन करावा.”

मी विचारलं, हे कोणाच्या श्राद्धाचं आमंत्रण आहे का?

तिला राग आला. पण मग नीट सांगितलं. पडद्यावर दिसतं ते अजून कुठेच गेलेलं नसतं. ते ठेवायची कळ दाबली, की आतल्या पेटीत जातं. कळ दाबली नाही आणि लाईट गेली तर सगळं गेलं.

म्हटलं, मग हे बिबड्यांसारखं, ज्वारीच्या पापडांसारखं आहे. पीठ शिजलं म्हणजे बिबडे झाले असं कोणी म्हणत नाही. वाळले, डब्यात गेले, झाकण लागलं, तेव्हा झाले. तोपर्यंत कुत्रं, वारा आणि शेजारची पोरं, सगळ्यांची त्यांच्यावर नजर.

ती हसली, पण पुस्तकात तिने आपलंच वाक्य ठेवलं. मग चार वाजता लाईट गेली. तिची तासाभराची मेहनत गेली. मी नुसतं तिच्याकडे पाहिलं, ते तिला जास्त लागलं.

शनिवार, २८ सप्टेंबर

काही झालं नाही. युक्ती पाचवी, सहावी. दोन्हींत कान कुठला आणि शेपूट कुठलं ते मला ओळखू आलं नाही. कोकिळाने परत लिहिल्या.

शुक्रवार, ४ ऑक्टोबर

आज अभिमन लवकर घरी आला. माझा मुलगा, एसटीत कंडक्टर आहे. अर्धा खानदेश त्याच्या पंचने भोक पाडलेलं तिकीट घेऊन फिरतो. त्याने विचारलं, “चाळीस युक्त्या? एसटीत बसायला एकच लागते. खिडकीतून रुमाल टाकायचा.”

कोकिळा म्हणाली, “नाना, तुमच्या गाडीत रुमालावरून भांडणं होतात. यात होत नाहीत.”

मला आज दोन युक्त्या फार आवडल्या. एक अशी, की काही चुकलं तर दोन कळा एकदम दाबायच्या आणि एक पाऊल मागे यायचं. जे पुसलं ते परत. मी विचारलं, किती मागे येतं? माझ्या लग्नापर्यंत येईल का? कोकिळा म्हणाली, आजोबांचा फोटो समोर आहे, जपून बोल. म्हटलं, त्यांनाही विचार, तेही दाबतील.

दुसरी नावाची. आधी म्हणे या मशीनमध्ये कागदाला आठच अक्षरांचं नाव देता यायचं. आता गेल्या वर्षापासून नवी पद्धत निघाली आहे, विंडोज पंच्याण्णव म्हणतात. त्यात लांबलचक नाव चालतं. माणसाचं नाव, बापाचं नाव, गाव, कामधंदा, सगळं. पण कोकिळाचं म्हणणं असं, की नाव लांब असो की आखूड, महिन्याने तुलाच ओळखू आलं पाहिजे. मला हे पटलं. माझ्या फडताळात अकरा डबे सारखे आहेत. कोणाला कुठे पोचा पडला आहे यावरून मी ओळखते. सून ओळखू शकत नाही, म्हणून आमच्या चहात दोनदा मीठ पडलं.

त्या नव्या पद्धतीत म्हणे अक्षरांऐवजी चित्रंच जास्त. मी म्हटलं, मग ती मला चालेल. कोकिळाने मान वर केली आणि थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं. मी गमतीत बोलले होते.

गुरुवार, १० ऑक्टोबर

आज फ्लॉपी. चौकोनी, काळी, तळहाताएवढी चीज. घरातलं सगळं लिहिलेलं हिच्यात भरून दुसऱ्या गावी नेता येतं. कोकिळाने ती माझ्या हातात दिली. एका बाजूला पत्र्याचं छोटं दार आहे. ते सरकवलं की आत गोल काळी चकती दिसते. सोडलं की दार आपलं आपण बंद.

“आजी, वरचं हे प्लॅस्टिक म्हणजे नुसता अंगरखा. खरी ती आतली. तिला कधीही बोट लावायचं नाही.”

“सोवळ्यातली आहे का?”

“तसंच समज.”

छान वाटलं मला. एवढं सगळं त्या चकतीत राहतं आणि वरून दिसत काहीच नाही. मी दार चार वेळा उघडून पाहिलं. कोकिळाने काढून घेतली.

रविवार, १३ ऑक्टोबर

आज घट बसले. युक्त्या बत्तीस झाल्या. मी कोकिळाला दमवलं आहे. ती म्हणते नवीन तेवढी वाचते, मी म्हणते पहिल्यापासून वाच. मधूनच उचललेलं मला धरता येत नाही. बाई जात्यावर बसली तर ओवी मधल्या ओळीपासून सुरू करते का? मग ती रोज संध्याकाळी एकपासून वाचते आणि मी वाती वळते.

ती कागदावर काहीच लिहीत नाही, सरळ मशीनवर. कागद लागत नाही हीच तिची बढाई. ही वही तेवढी माझ्यामुळे.

शनिवार, १९ ऑक्टोबर

चाळीस झाल्या. सकाळी धुळ्याहून शेठचा माणूस आला, भटू. कॉम्प्युटरची दुरुस्ती तोच करतो. मशीन घेऊन गेला. दसऱ्याला दुकानात मांडायचं आहे, आणि त्याआधी आतलं सगळं पुसून ती नवी चित्रांची पद्धत घालायची आहे.

कोकिळाने त्याआधी पुस्तक दोन फ्लॉपींत भरलं. एकोणिसावी युक्ती तीच आहे, प्रत्येक गोष्टीच्या दोन प्रती ठेवा. दोन्ही एका डबीत घालून देवाजवळच्या फळीवर ठेवल्या. सोमवारी ती धुळ्याला नेणार.

माझी खाट परत जागेवर आली. तिथे झोप लागत नाही.

सोमवार, २१ ऑक्टोबर, दसरा

आज सोनं कमी वाटलं गेलं. सकाळी कोकिळा धुळ्याला गेली ती चार वाजता परत आली. आपट्याची पानं कोणाच्या हातावर ठेवावीत असा तिचा चेहरा नव्हता.

फ्लॉपी चालली नाही. भटूने मशीनमध्ये घातली तर आतून खरखर आवाज आला, जात्यात खडा आल्यासारखा. दुसरी घातली, तिचंही तेच. मशीन तर आधीच पुसून झालं होतं. भटू म्हणाला, प्रवासात धूळ गेली असेल, गर्मीने गेली असेल. शेठ म्हणाले, “बेटा, तू लिहिणार की दोन प्रती ठेवा, आणि तुझ्याच दोन्ही गेल्या. हे पुस्तक मी कोणाला देऊ?” छापखाना गुरुवारपासून दिवाळीची भेटकार्डं घेणार आहे. बुधवार संध्याकाळपर्यंत मजकूर आला तर आला. नाहीतर शेठ नाशिकला फोन करतील.

कोकिळा भिंतीला टेकून बसली होती. मी म्हटलं, वही आण, मन मोकळं होईल. कालचा दिवस तर लिहायचाच राहिला. खंडेनवमी लिहिल्याशिवाय दसरा कसा लिहिणार?

तर काल कोकिळा बाजारात झेंडू आणायला गेली तेव्हा मी हत्यारांची पूजा मांडली. कोयता, कात्री, सुनेचं शिलाई मशीन, अभिमनचा पंच. पण ज्याने महिनाभर या घरात काम केलं ते मशीन तर धुळ्याला गेलेलं. पूजेविना कसं राहू द्यायचं? म्हणून त्याच्या फ्लॉपी मांडल्या. आता अंगरख्याला कुंकू लावून काय उपयोग? कोकिळानेच सांगितलं होतं, खरी ती आतली. मी दार सरकवलं आणि आत हळदीकुंकू लावलं. बोट नाही लावलं. बोट लावायचं नाही हे मला पक्कं ठाऊक आहे. ओल्या कुंकवात काडी बुडवून लावलं. अक्षत मात्र ठेवली नाही, ती आत अडकेल एवढं मलाही समजतं. मग दार लावलं, वरून पदराने पुसलं आणि डबी जशीच्या तशी ठेवली.

इथे कोकिळाचा हात थांबला. मी विचारलं, शाई संपली का?

“दोन्हींना लावलं?”

“दोन्हींना. एकीला लावायचं आणि दुसरीला नाही, बरं दिसतं का ते?”

ती उठली, पिशवीतून डबी काढली, खिडकीत जाऊन एक फ्लॉपी उघडून पाहिली. मग दुसरी. मग आत मोरीत गेली. पाण्याचा आवाज येत होता आणि मधून तिचाही. रडत होती की हसत होती ते मला काही उमजलं नाही. अभिमनने विचारलं, काय झालं गं. आतून म्हणाली, “काही नाही नाना. बसमध्ये फार गर्मी होती.”

परत येऊन माझ्यासमोर बसली. डोळे लाल. माझ्या हातात आपट्याची पानं ठेवली आणि पाया पडली. म्हणाली, “सांग पुढे.”

पुढे काही नाही. एवढंच.

मंगळवार, २२ ऑक्टोबर

सकाळी कोकिळा वही चाळत बसली होती. या वहीत मोजून पहिल्या अकरा युक्त्या निघाल्या. बाकीच्यांचे तिला विषय आठवतात, पण कोणत्या कशानंतर आणि कसं सांगितलं होतं, ते सुटलं आहे. महिन्याचं काम, आणि हातात दीड दिवस. ती म्हणाली, “जाऊ दे आजी. माझंच चुकलं.”

मी विचारलं, बारावी कोणती?

“काय?”

“अकरावी वहीत आहे ना? बारावी मशीन बंद करायची. पाहुणा निघाला तर लगेच दार लोटायचं नाही. त्याला चष्मा घेऊ दे, पिशवी घेऊ दे, चपला घालू दे. तसं मशीनला आधी सांगायचं की आता बंद हो. ते आवरून घेतं, मग स्वतःच सांगतं की झालं माझं. तेव्हा खटका दाबायचा. तेरावी, दुसऱ्याच्या घरची फ्लॉपी तपासल्याशिवाय आपल्या मशीनमध्ये घालायची नाही, रोग येतो. चौदावी सांगू का थांबू?”

कोकिळा म्हणाली, “मी असं लिहिलं नव्हतं.”

“अर्थ हाच होता ना?”

“हाच होता.”

“मग लिही. तुझे शब्द तुझ्या फ्लॉपीने खाल्ले, आता माझे घे.”

दुपारपर्यंत आम्ही तेविसावीला पोहोचलो. एकोणिसावीला मी म्हटलं, दोन प्रती ठेवा. कोकिळाने लिहिलं आणि वर बोलली, “दोन वेगळ्या घरी.”

“हे आधी नव्हतं.”

“आता आहे.”

मी काही अडवलं नाही. पुस्तक तिचं आहे.

माझ्या मनात एकच शंका आहे. तिचं पुस्तक छापील मराठीत होतं, शेठना तसंच हवं असेल. माझ्या तोंडून बिबडे आणि पाहुणे येतात. पोरीची नोकरी माझ्या जिभेने घालवू नये म्हणजे झालं. हे तिला बोलले तर म्हणाली, “लिहू का हे?” म्हटलं, लिही, अट आहे.

बुधवार, २३ ऑक्टोबर, धुळे आणि परत

मीही गेले. बसायला जागा अभिमनच्या ओळखीवर मिळाली, रुमाल टाकावा लागला नाही. वाटेत एकतिसावीपर्यंत झालं. गाडी हलते म्हणून कोकिळाची अक्षरं पिंपळाच्या मुंग्यांसारखी झाली.

दुकानात एका बाजूला लुगडी, दुसऱ्या बाजूला कॉम्प्युटर. शेठ उंच, पांढरे कपडे, बोलणं मऊ. “या माजी, बसा.” खुर्ची दिली. कोकिळाने मशीनवर बसून आधी वहीतल्या एकतीस उतरवल्या, मग मी तिच्या मागे बसून राहिलेल्या नऊ सांगितल्या. भटू शेजारी उभा राहून ऐकत होता. सदतिसाव्या युक्तीला मी अडले. मी डोळे मिटले आणि वाती वळायचा हात केला, मग ती आली. टाकलेली गोष्ट लगेच जात नाही. ती मशीनच्या बादलीत पडून राहते. परत हवी असेल तर बादलीतून काढून घ्यायची. बादली ओतली, की मग मात्र घंटागाडीच्या मागे धावून उपयोग नाही.

शेठनी मशीनमधून छापून आलेली पहिली पानं वाचली. चष्मा काढला.

“कोकिळाबेन, कॉम्प्युटरच्या पुस्तकात बिबडे?”

कोकिळा म्हणाली, “हो.”

“गिऱ्हाईक हसेल.”

“हसेल, पण मशीन परत आणणार नाही.”

शेठनी मान हलवली, ती हो म्हणून नव्हती. फोनकडे पाहिलं. मला वाटलं, लागला आता नाशिकला.

तेवढ्यात लुगड्यांच्या बाजूने शेठाणी बोलल्या, मोहनबाई. इतका वेळ कापडाच्या घड्या घालत होत्या. “माजी, ते पाहुण्याचं काय म्हणालात? परत सांगा.” मी परत सांगितलं. भटू म्हणाला, भाभी रोज दुकान बंद करताना सरळ खटका दाबतात, महिनाभर सांगतोय. मोहनबाई त्याला म्हणाल्या, “तू सांगतोस ते तुझ्यासाठी सांगतोस.” उठल्या, मांडलेल्या मशीनपाशी गेल्या. चित्रं होती पडद्यावर. खालच्या कोपऱ्यातलं बटण शोधलं, बंद हो असं सांगितलं आणि हात मागे बांधून उभ्या राहिल्या. सगळे थांबलो. पडदा काळा झाला, नारिंगी अक्षरं आली. मोहनबाईंनी विचारलं, “चपला घातल्या का याने?” भटू म्हणाला, घातल्या. मग त्यांनी खटका दाबला.

शेठ म्हणाले, “छापखान्यात पाठवून दे, भटू.”

एवढंच म्हणाले. कोकिळाने माझ्या खुर्चीची पाठ धरली होती ती सोडली.

मग मी म्हटलं, मला ती चित्रांची पद्धत दाखवा. मशीन परत चालू केलं. हाताखाली ते माऊस दिलं. पहिल्यांदा बाण पळून गेला, मग जवळ आला. बादलीचं चित्र मी न विचारता ओळखलं. कोकिळा म्हणाली, दोनदा टकटक कर. एकदा केलं, काही झालं नाही. दाराचंही तसंच, एका थापेला कोण उठतं? दोनदा लागोपाठ केलं तर उघडलं. आत रिकामं होतं. मला त्या वेळी काय वाटलं ते सांगता येत नाही. सत्तर वर्षं झाली, पाटीवर किंवा कागदावर असलेली कुठलीच गोष्ट मी स्वतःच्या हाताने उघडली नव्हती. शेठ म्हणाले, माजी, चहा थंड होतोय. म्हटलं, होऊ द्या.

कोकिळा पाडव्यानंतर दुकानात जाणार. येताना गाडीत ती झोपली. मी पूजा केली नसती तर माझी आठवण एवढी चालली असती का, कोण जाणे.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

पुस्तक आलं. पिवळं आवरण, हातात मावतं. भटू दहा प्रती घेऊन आला. त्याने मला वाचून दाखवलं, वर काय लिहिलं आहे ते: घरच्या संगणकाच्या एक्केचाळीस युक्त्या.

म्हटलं, चाळीस.

भटू म्हणाला, एक्केचाळीस. मग कोकिळाकडे पाहिलं आणि प्रती मोजायला लागला.

संध्याकाळी कोकिळाने सगळं पुस्तक वाचून दाखवलं, एकपासून. मी वाती वळल्या. शेवटी तिने पान उलटलं, त्यावर फ्लॉपीच्या पत्र्याच्या दाराचं चित्र होतं, आणि पुस्तक मिटलं. मला अक्षर येत नाही, मोजता येतं. चाळीसच वाचल्या.

“एक राहिली.”

“ती तुझ्यासाठी नाही आजी. शिकलेल्या लोकांसाठी आहे. काही काही चुका तेच करतात.”

“कोणती चूक?”

“तुला कंटाळा येईल ऐकून.”

मी आग्रह केला नाही. चाळीस युक्त्या मी सांगितल्या, एक तिची तिला असू द्यावी. शिकलेली माणसं तरी कसल्या चुका करत असतील, देव जाणे.